काटा केसभर पुढे

परदेशी निघालेल्या घरात शेवटच्या आठवड्यात कुठलीच वस्तू जागेवर सापडत नाही, हे कुणीही समजून घेईल. पण मंगळवारी दुपारी कवळीवाल्याच्या घरात सात माणसांचे दात जागेवर नव्हते, आणि गुरुवारी सकाळी त्याचे विमान होते.

"ताई, फळीवरच्या वाट्या कुठे गेल्या?" बाहेरून आल्या आल्या त्याने विचारले.

"माझ्या पिशवीत," थोरली बहीण म्हणाली. "तुझ्या बायकोनंच सांगितलं होतं, वाट्या घेऊन जा म्हणून. घासूनपुसून घेतल्यात."

"आणि त्यातल्या कवळ्या?"

"त्या काय मी टाकून देईन? माणसांचे दात आहेत ते. सगळ्या बादलीत ठेवल्यात. पाणीसुद्धा ताजं घातलंय."

"एका बादलीत?"

"मग काय सात बादल्या आणू?"

कवळीवाल्याने बादलीत डोकावून पाहिले. बादली त्याच्याकडे बघून हसत होती.

"प्रत्येक वाटीवर चिठ्ठी होती ताई. नाव लिहिलेली."

"होती ना! काय मेली चिकटवली होतीस, निघता निघेना. गरम पाण्यात भिजवून नखानं खरवडली. पण ऐक तरी, आबांची–"

"आबांना यातलं काही कळता कामा नये! आणि तू आता एक शब्द बोलू नकोस. एक शब्द नको!"

बहिणीचे तोंड पडले. तिने वाट्यांची पिशवी उचलली, पायांत चपला सरकवल्या आणि एक शब्दही न बोलता ती निघून गेली. धाकट्या भावाचे ऐकण्याची ही तिची आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि तीही नेमकी चुकीच्या दिवशी आली.

कवळीवाला हे त्याचे गल्लीने ठेवलेले नाव. पुढच्या खोलीत प्लास्टर, मेण आणि पॉलिशची मोटर मांडून तो अठरा वर्षे लोकांना दात करून देत होता. खिडकीतल्या काचेच्या पेटीत त्याने उमेदवारीच्या काळात केलेली पहिलीवहिली कवळी नमुना म्हणून ठेवलेली असे. तिचे माप कुणाच्याच तोंडाचे नव्हते. अठ्ठावीस दात दाखवत रस्त्याकडे बघून हसणे एवढेच तिचे काम, आणि धुळीने पिवळी पडली तरी ते ती इमानाने करत होती. तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याचे वडील म्हणाले होते, "दिसायला बरी आहे. पण माप कुणाचं?" पेटी तेवढी परवा विकली गेली होती आणि आता त्या जागी खिडकीत नुसता चौकोनी डाग उरला होता.

कवळीवाला देश सोडून निघाला होता तो काही उपासमारीमुळे नव्हे. काम भरपूर होते. किंबहुना कामच फार होते, आणि ते त्याला कुठेही गाठत असे. सकाळी चूळ भरतानाही दारात एखादे म्हातारे तोंड वासून उभे असे. कुणाच्या घरी सांत्वनाला गेला, तर डोळे पुसता पुसता घरची मंडळी म्हणत, "आलाच आहात तर हे जरा बघता का, इथं खुपतंय." रस्त्यात दोन माणसे त्याच्याकडे बघून हसली तर ती ओळखीचे हसतायत की काम दाखवतायत हे त्याला कळेनासे झाले होते.

पण दारातल्या माणसांना दार लावून घेता येते. आबा घरात होते.

आबा म्हणजे त्याचे वडील. वजनमापांच्या खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी जन्म काढला होता, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना तपासायला एवढे एकच घर उरले होते. साखरेचा चमचा सपाट हवा. आंघोळीला दोन बादल्या. दिवे दहाला बंद. कानशिलावरचे केस पांढरे झालेल्या मुलाने बाहेर जाताना कुठे आणि किती वेळ ते सांगायचे, आणि परत आल्यावर आबा घड्याळाकडे बघून नुसते "हं" म्हणायचे. हातातला जुना ताणकाटा त्यांनी खात्याला परत केला नव्हता, म्हणजे रीतसर अर्ज करून विकत घेतला होता. त्यांना कधी हसताना पाहिलेले माणूस हयात नव्हते.

अशा वेळी दूरच्या देशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे पत्र आले. आठ तास काम, आठवड्याला दोन दिवस सुट्टी, राहायला दोन खोल्या. बायकोने पत्र तीनदा वाचून घेतले आणि विचारले, "तिथं साखर आपण घालायची ना?" तेव्हाच जायचे ठरले. अट एकच होती. येत्या सोमवारी कामावर हजर व्हायचे, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावण्यात येईल.

म्हणून मंगळवारी दुपारी तो बादलीसमोर मांडी घालून बसला. एरवी तो कवळीच्या आतल्या बाजूला बारीक आकडा कोरायचा. या वेळी घाईत तेवढे राहिले आणि चिठ्ठ्यांवर भिस्त ठेवली. साचे तर कवळी काढताना फुटतातच. सात वरच्या, सात खालच्या. त्याने मोजल्या. संख्या बरोबर आल्यावर त्याचा जीव थोडासा भांड्यात पडला. सगळ्या कवळ्या ताईने भांड्यांच्या पावडरीने अशा लख्ख घासल्या होत्या की जुनी कुठली, नवी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

त्याने डोळे मिटून एकेक तोंड आठवायला सुरुवात केली. पोस्टमास्तरांचा जबडा रुंद. गायनाच्या बाईंची टाळू खोल. शिंप्याचा चेहरा निमुळता. घड्याळवाले दोघे जुळे भाऊ, त्यांचे काय, एकाचे दुसऱ्याला गेले तरी कळायचे नाही. कंपाउंडरची हनुवटी पुढे. असे सहाजण त्याने मनाशी लावले आणि सहा जोड्या सहा कागदांत गुंडाळल्या. उरली ती आबांची. सहाही तोंडांचा त्याने विचार केला. घरातल्या तोंडाचा मात्र केला नाही.

संध्याकाळपर्यंत त्याने स्वतः फिरून सहाजणांना कवळ्या पोचत्या केल्या. प्रत्येकाने ती तोंडात घातली आणि प्रत्येकाचा चेहरा वाकडा झाला. पण नवी कवळी घातल्यावर चेहरा वाकडा होणार, हे त्याला अठरा वर्षे ठाऊक होते, आणि त्यावरचे त्याचे उत्तरही ठरलेले होते.

"दोन दिवस टोचेल. मग सवय होईल."

हे वाक्य त्याने इतक्या वेळा उच्चारले होते की आता ते त्याच्या मदतीशिवाय तोंडातून बाहेर पडत असे. लोकांचाही त्यावर विश्वास होता. पोस्टमास्तरांनी डोळ्यांत पाणी आणून मान डोलावली. शिंप्याने "आभारी आहे" म्हणण्याचा प्रयत्न केला आणि तो अर्ध्यावर सोडून दिला.

घरी आला तर आबा मधल्या खोलीत खुर्चीवर उभे होते. छताच्या कडीला ताणकाटा अडकवला होता आणि काट्याला मोठी बॅग लटकत होती. जुनी कवळी महिन्यापूर्वी दुभंगल्यापासून त्यांचे गाल आत गेले होते, त्यामुळे ते होते त्याहून कडक दिसत.

"काल बरोबर तेवीस किलो होती," आबा म्हणाले. "आज काटा केसभर पुढे आहे."

"केसभरानं काय होतंय आबा?" सून म्हणाली.

"केसभरानंच होतं. काय टाकलंस?"

"काही नाही. बटणांची डबी तेवढी टाकली. फळीवर राहिली होती."

"बटणांनी एवढा काटा हलत नाही. यात आणखी काहीतरी आहे."

"काटा जुना झालाय आबा."

हे ती बोलायला नको होती. आबा खुर्चीवरून खाली उतरले. चाळीस वर्षांत त्यांनी बाजारातले शेकडो काटे जुने ठरवले होते, पण त्यांच्या काट्याला जुना म्हणणारे कुणी भेटले नव्हते.

"डबी बाहेर काढ," ते म्हणाले. "बटणं तिकडेही मिळतात."

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. डोळ्यांत पाणी होते. लग्नात आईने दिलेली ती पितळी फिरकीच्या झाकणाची डबी होती. त्या घरातली तिची म्हणावी अशी तेवढीच वस्तू होती. कवळीवाला दिवसभर उन्हात फिरलेला होता. त्याच्या डोक्यात बादली होती, सोमवार होता आणि आबांच्या धाकात काढलेली बेचाळीस वर्षे होती. तो कधी नव्हे ते आबांवर ओरडला.

"डबी जाणार! आमच्या बॅगेत काय न्यायचं तेवढं तरी आम्हाला ठरवू द्या. याचसाठी चाललोय आम्ही, आबा! कुणी मोजणार नाही अशा ठिकाणी!"

बॅग काट्यावर हलकेच गरगरत राहिली. आबांनी बॅग काढली, काटा काढला, कडीवरची धूळ फुंकली आणि ते आपल्या खाटेवर जाऊन बसले. कवळीवाल्याने खिशातून उरलेला कागदाचा पुडा काढला, त्यांच्या उशाशी ठेवला आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, "तुमची कवळी. दोन दिवस टोचेल. मग सवय होईल."

त्यानंतर आबा काहीच बोलले नाहीत. जेवताना नाही, दहाला दिवा मालवतानाही नाही. कवळीवाला अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःशी म्हणाला, जिंकलो. पण त्याला काही बरे वाटले नाही.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता ज्येष्ठ मंडळाने वाचनालयाच्या खोलीत निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. कवळीवाल्याला मधल्या खुर्चीवर बसवले होते. समोर सगळी गिऱ्हाइके. त्याच्या लक्षात आले की खोलीत कुणीच कुणाशी बोलत नाही. शिंपी गालाला हात लावून बसला होता. कंपाउंडर वारंवार रुमालात बघत होता. घड्याळवाले जुळे भाऊ जन्मात पहिल्यांदाच एकमेकांसारखे दिसत नव्हते. आणि पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कोट घालून, आबा चक्क हसत होते.

"अहो, बघितलंत का?" बायको कानाशी कुजबुजली. "आबा!"

कवळीवाल्याने पाहिले आणि त्याच्या अंगावर काटा आला. गालापासून गालापर्यंत रुंद, प्रसन्न हसू. बेचाळीस वर्षांत पहिले. त्याने एकदा अडखळत हसून प्रतिसाद दिला. आबा हसतच राहिले. त्यांचे डोळे मात्र ओले होते, पण म्हाताऱ्या माणसांचे डोळे ओलेच असतात असे त्याने मनाला समजावले. आपण चाललो याचा आनंद झालाय त्यांना, हा विचार मनात आला आणि तिथेच घर करून राहिला.

गायनाच्या बाई गाण्यासाठी उठल्या. त्यांनी तोंड उघडले, लगेच मिटले आणि अख्खे गाणे ओठ बंद ठेवून गुणगुणल्या. लोकांना वाटले, भरून आले असेल. मग पोस्टमास्तर भाषणाला उभे राहिले.

"सज्जनहो," ते म्हणाले, आणि खोलीत एक लांब शीळ घुमली.

"समाजाच्या सेवेसाठी सदैव–"

प्रत्येक 'स'ला शीळ निघत गेली. दाराबाहेर झोपलेले कुत्रे उठले, आत आले आणि पोस्टमास्तरांपुढे शेपूट हलवत बसून राहिले. पोस्टमास्तर माणूस शिस्तीचा, त्यांनी लिहून आणलेले भाषण थांबवले नाही. दर वाक्याला कुत्रे एक पाऊल पुढे सरकत होते.

मागची मंडळी हसू दाबत होती. कवळीवाल्याच्या मात्र तोंडचे पाणी पळाले. ही शीळ कुठून येते ते त्याला समजले होते. शिंप्याला दोरा तोडता यावा म्हणून त्याने त्याच्या पुढच्या दाताला मुद्दाम एक बारीकशी खाच करून दिली होती. ती खाच आता पोस्टमास्तरांच्या तोंडात होती. म्हणजे पोस्टमास्तरांचा रुंद जबडा शिंप्याच्या निमुळत्या चेहऱ्यात. म्हणजे गायनाच्या बाई... त्याने एकेका तोंडावरून नजर फिरवली. कुणाचेच कुणाकडे नव्हते.

गप्प बसणे अगदी सोपे होते. उद्या या वेळी तो आकाशात असणार होता. या सगळ्यांना सवय होईल असे त्याने सांगितलेलेच होते, आणि ही माणसे इतकी गरीब स्वभावाची, की खरोखरच त्यांनी सवय करून घेतली असती. बाई पुन्हा कधी गायल्या नसत्या आणि त्याचे कारण वय समजल्या असत्या. नेमका तो शेवटचा विचार त्याला सोसला नाही.

"मास्तर, थांबा," तो उभा राहिला. "माझ्याकडून चूक झालीय. ज्यांनी ज्यांनी माझी कवळी घातलीय, त्यांनी ती काढून पुढे या."

पुढचा पाऊण तास त्या वाचनालयाने पूर्वी कधी पाहिला नसेल. चहाच्या कपांत गरम पाणी आले. वृत्तपत्रांच्या टेबलावर सहा जोड्या मांडल्या गेल्या. "ही लावून बघा. टोचते? द्या इकडे. बाई, आ करा. शिंपीदादा, ही तुमची, ही खाच बघा." जुळ्या भावांपैकी एकाला कंपाउंडरची खालची मिळाली होती आणि कंपाउंडरला बाईंची वरची. पण हळूहळू एकेक तोंड आपापल्या दातांपाशी पोचले. दोन्ही भाऊ पुन्हा सारखे दिसू लागले. बाईंनी एक सूर लावून पाहिला, तो थेट छताला लागला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुत्रे निराश होऊन बाहेर गेले.

घामाघूम होऊन कवळीवाला पहिल्या रांगेशी आला.

"आबा, तुमची? तुमची बरोबर आहे ना?"

आबांनी हसतमुखाने मान डोलावली.

"एकदा काढून दाखवा."

आबांनी हसतच नकारार्थी मान हलवली आणि तळहात उंचावून त्याला थांबवले. चारचौघांत दात बाहेर काढणाऱ्यांपैकी ते नव्हते. कवळीवाल्याने हिशेब केला. सहाजणांचे आपसात मिटले, बाहेरची एकही आली नाही, आतली एकही उरली नाही. मग सातवे तोंड आणि सातवी कवळी एकमेकांचीच असणार. हिशेबात खोट नव्हती. कालच्या ओरडण्यावरून आबांनी अबोला धरलाय, एवढेच.

मग सगळ्यांचा एक फोटो काढण्यात आला. फोटोग्राफर म्हणाला, "सगळ्यांनी त्या पहिल्या आजोबांसारखं हसा."

गुरुवारी सकाळी टॅक्सी दारात आली. बहीण निरोपाला आली, पण रुसवा धरून भावाशी बोलली नाही, भावजयीच्या गळ्यात पडून रडली. आता आबांना ती आपल्या घरी नेणार होती. कवळीवाला आबांच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलतील म्हणून तो जरा जास्त वेळ वाकून राहिला, पण वरून आवाज आला नाही. उठून पाहिले तर आबा हसत होते. टॅक्सी वळणावर गेली तरी दारातले ते हसू दिसत होते.

"किती खूश होते, नाही?" बायको नाक पुसत म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "ब्याद गेली म्हणून."

आणि विमानतळ येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

नव्या देशात सगळे पत्रात लिहिल्याप्रमाणे होते. त्यात खोटे असे काहीच नव्हते. प्रयोगशाळेच्या लांबलचक खोलीत पांढरा उजेड होता आणि टेबलांची रांग होती. खोक्यांतून कवळ्या यायच्या, प्रत्येकीवर नऊ आकड्यांचा नंबर. कवळीवाल्याने फक्त वरच्या जबड्याला पॉलिश करायचे, मग खोके पुढच्या टेबलावर. खालचा जबडा कोण करतो ते त्याला ठाऊक नव्हते. तोंड तर एकही दिसत नसे. कुणी दार वाजवत नव्हते. शेजारी कोण राहतो ते कळले नव्हते, आणि शेजाऱ्यालाही ते जाणून घ्यायची गरज वाटलेली दिसत नव्हती.

सुट्टीच्या दोन दिवसांत तो खिडकीशी बसे. साखर बायकोच घालत असे, आणि तिचा हात आपोआप सपाट चमच्यावर थांबत असे. रात्री हवे तेवढे दिवे जाळायची मुभा होती. दहा वाजले की तोच उठून दिवा मालवायचा, मग अंधारात दोघांच्या लक्षात यायचे, आणि दोघेही त्याबद्दल काही बोलायचे नाहीत.

भिंतीवर तो निरोपाचा फोटो लावला होता. बहिणीचा फोन यायचा, तो भावजयीला. "आबा छान आहेत. हल्ली सारखे हसतमुख असतात बाई. गल्लीत सगळे म्हणतात, म्हातारा मोकळा झाला. जेवण तेवढं पातळ लागतं, पण वय झालं आता." आबा स्वतः फोनवर यायचे नाहीत. कवळीवाला हे ऐकायचा आणि फोटोकडे पाठ करून बसायचा. आपण मोकळे व्हायला इतक्या लांब आलो, आणि मोकळे झाले ते. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागून राहिली होती.

चौथ्या आठवड्यात थंडी वाढली आणि त्याच्या कोटाचे वरचे बटण तुटून हरवले.

"डबी आहे ना आपली," बायको मोठ्या दिमाखात म्हणाली. बॅगेच्या तळातून तिने पितळी डबी काढली. झाकण फिरवले आणि ती नुसती बघत राहिली. "अहो, यात बटणं नाहीत."

डबीत वाळून कडक झालेले एक फडके होते. ते त्याने उलगडले. आत एक कवळी होती, वरची आणि खालची. वरचा डावा सुळा किंचित तिरका लावलेला. "माझा होता तसाच तिरका बसव," असे आबांनी त्याला तीनदा बजावले होते.

तो बराच वेळ ती हातात धरून बसला. मग उठून भिंतीवरच्या फोटोपाशी गेला आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याने तो मुलाच्या डोळ्यांनी नव्हे, कवळीवाल्याच्या डोळ्यांनी पाहिला. अठ्ठावीस दात, सगळे सरळ. ओठ बाहेर ढकललेले. कुणाच्याच मापाचे नसलेले हसू. हे हसू अठरा वर्षे खिडकीतून रस्त्याकडे बघत होते.

त्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, आबांची कवळी–"

"आता विचारतोयस?" बहीण उसळली. महिन्याभराचा अबोला एका क्षणात फुटला. "मी तेव्हाच सांगत होते ना! आबांची परक्यांच्या दातांत मिसळू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून बटणांच्या डबीत ठेवली मी. बटणं खणात ओतली. आणि ती तुझी खिडकीतली धुळीची पण घासून टाकली बादलीत. सांगायला तोंड उघडलं तर म्हणालास, एक शब्द बोलू नकोस! नाही बोलले. का रे, काय झालं?"

"आबांना फोन दे."

बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग आबांचा आवाज आला. शब्द पोकळ होते, हवा सुटलेले, पण आबांचेच होते.

"बोल. काढून ठेवलीय ती. घालून बोलता येत नाही."

"आबा, ती खिडकीतली आहे. नमुन्याची."

"ठाऊक आहे."

"कधी कळलं?"

"पुडा उघडला तेव्हाच. इतकी वर्षं जातायेता बघतोय. माप नाही तिला, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" कवळीवाल्याचा आवाज चढला आणि चढता चढता फुटला. "मी वाचनालयात विचारलं ना तुम्हाला!"



"कवळी करायला तुला पाच दिवस लागतात," ते म्हणाले. "तुझ्याकडे दीड दिवस होता. मी मोजलं. बोललो असतो तर तू थांबला असतास. सोमवार गेला असता."

बायको कोटाची बाही हातात घट्ट धरून समोर उभी होती.

"मी ही पाठवतो, आबा. उद्याच पाठवतो."

"नको. पोचेपर्यंत महिना जाईल. तोवर हिरड्या बदलतात, तूच सांगायचास लोकांना."

"टोचते का फार?"

"दोन दिवस टोचली," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारले, "तिकडे कसं आहे?"

खिडकीबाहेर पांढरे आकाश होते. खालून कुणीतरी ओळखीचे नसलेले माणूस चालले होते. पंचेचाळीस वरचे जबडे सकाळपासून त्याच्या हातांखालून गेले होते आणि एकही तोंड त्याच्याशी बोलले नव्हते.

"दोन दिवस टोचलं," तो म्हणाला.

आबांनी "हं" केले. तेच ते घड्याळाकडे बघून केलेले हं. त्याला ते ऐकून इतके बरे वाटले की त्याने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"एक विचारू?" आबा म्हणाले. "बॅगेत नक्की कुठे होती ती?"

"बटणांच्या डबीत."

मग पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला, फस्स फस्स करत, मध्येच अडकत. आबांना दम लागला की काय म्हणून तो घाबरला. मागून बहिणीचा आवाज आला, "आबा! अहो, काय झालं? हसताय काय असे?"

"तुझ्या बायकोला सांग," आबा धाप टाकत म्हणाले, "काटा जुना नाही झालेला. केसभर पुढे होता."